उपरण्याखालचा हात

माझ्या नवऱ्याला मी लग्नाआधी आतून बघितलं, बाहेरून नंतर. औरंगपुऱ्यात खाली साड्यांचं दुकान आणि वर दवाखाना अशी एक इमारत आहे, तिथं मी एक्स-रे काढते. बारा वर्षं झाली. एका सोमवारी सकाळी तीन बाप्ये आत आले. तिघंही हसत होते, आणि मधल्याचं मनगट भलतीकडंच वळलेलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, वेरूळच्या अलीकडच्या उतारावरून ट्रॅक्टरच्या टायरात बसून खाली आलो."

"का?"

हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारलाच नसावा. मग मनगटवाला म्हणाला, "मधी म्हैस आली नसती तर हात शाबूत होता," आणि तिघं पुन्हा खिदळायला लागले.

आता माझं काम कसलं, तुम्हीच बघा. दिवसभर समोर तोंड पाडलेली माणसं. करंगळी दारात चेमटली तरी सोबत पाच नातेवाईक आणि दहा प्रश्न. आणि हा येडा, हाड दोन ठिकाणी मोडलेलं, टेबलावर हात ठेवून म्हणतोय, "फोटो झ्याक काढा मॅडम, पोस्टरवर लावायचाय." मला हसू फुटलं. मी हसले की तो हसायचा, तो हसला की हात हलायचा, आणि एक एक्स-रे चार वेळा काढावा लागला. डॉक्टर माझ्यावर ओरडले. आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं.

तर तो शिवराज. वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आठवड्यातले सहा दिवस दुसऱ्यांना "सांभाळून, सांभाळून" म्हणून ओरडतो आणि सातव्या दिवशी स्वतः पत्र्यावरून उडी मारतो. सोबतचे दोघं त्याचे शाळेपासूनचे दोस्त. गयासचं गाद्या-उशांचं दुकान आहे, त्यामुळं पडायला गादी फुकट. मुनीब लग्नाचे व्हिडिओ काढतो, त्यामुळं कॅमेरा फुकट. तिघं मिळून पिक्चर काढतात. नाव 'आपटबार'. दिवाळीत पोरं जमिनीवर आपटून फोडतात ना, तोच. दीड तासाचा पिक्चर, त्यात गोष्ट नाही, गाणं नाही, नुसतं आपटणं. शिवराज खाटेसकट शेणाच्या खड्ड्यात, गयास झोक्यावरून बाभळीत, मुनीब कॅमेऱ्यासकट नालीत. पहिल्या दिवशी एखादा हॉल भाड्यानं घेऊन दाखवायचा, दुसऱ्या दिवशी मोबाईलवर सोडायचा. गावोगाव लोक बघतात.

गयासनं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. "गिरना अपना, हसना पब्लिक का." पडायचं ते आपण, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

शहाणी माणसं मला विचारतात, यात हसण्यासारखं काय आहे? अहो, माझ्या दवाखान्यात या एकदा. प्लास्टर घातलेली माणसं बाकावर रांगेनं बसून 'आपटबार' बघतात आणि पोट धरून हसतात. का सांगू? आपल्यापेक्षा जोरात पडलेला माणूस तिथं उठतो. कपडे झटकतो, दात दाखवतो आणि पुन्हा त्याच पत्र्यावर चढतो. बास, एवढंच आहे त्यात, आणि मोडलेल्या माणसाला तेवढं पुरतं. या पिक्चरांच्या बाजूनं मी भांडत आले आणि यापुढंही भांडणार.

पण भाग तीनच्या वेळी घोळ झाला. लोक मोबाईलवर खाली लिहायला लागले, तेच तेच काय दाखवता, आता दुसऱ्यांची फजिती करा, छुपा कॅमेरा लावा. तिघं आमच्या ओट्यावर बसून डोकं खाजवत होते. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "आण्णांच्या उपरण्याखाली काहीतरी करा की."

आयडिया माझी होती. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं शिवराजला शिव्या घालाल तेव्हा मलाही त्यातला वाटा द्याल.

आण्णा म्हणजे माझे वडील, गोकुळराव. पाचोडच्या आठवडी बाजारात चाळीस वर्षं बैलांची दलाली करतात. बैलाचा भाव तिथं कुणी तोंडानं बोलत नाही. दलाल आपलं उपरणं हातावर टाकतो, घेणारा त्याखाली हात घालतो आणि भाव बोटांनी ठरतो. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, आणि दलालानं आपलं मधलं बोट मुडपून दाबलं की वर अर्धा, म्हणजे साडे. भोवती शंभर माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. दोघांची तोंडं आपली आभाळाकडं. मग आण्णा तोच हात विकणाऱ्याच्या हातात घालतात, पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं, असं करत सौदा जुळवतात. चाळीस वर्षांत त्यांच्या हातानं कुणाला खोटा आकडा सांगितला नाही. म्हणून लोक त्यांच्या उपरण्याखाली बिनघोर हात घालतात. लहानपणी मी कितीदा म्हटलं, मला पण शिकवा. म्हणायचे, "लेकीबाळींचं काम नव्हं ते." तो राग माझ्या मनात अजून आहे.

मुनीबची बायको गजाला मेंदीचे क्लास घेते. सरावासाठी तिच्याकडं रबरी हात असतात, अगदी खऱ्यासारखे, नखांसकट. मुनीबनं त्यातला एक न विचारता उचलला. गजाला तो हात आजही मागते.

बाजाराच्या दिवशी गयासनं मिशी चिकटवली, भलंमोठं पागोटं बांधलं, लांब बाह्यांचा सदरा घातला आणि रबरी हात बाहीत खोचला. गार लागू नये म्हणून आडूळपासून पाचोडपर्यंत तो हात त्यानं काखेत धरून आणला होता. मी आणि शिवराज कडब्याच्या टेम्पोमागं लपलो. मुनीब कॅमेरा घेऊन टपावर.

गयासनं एका खोंडाच्या पाठीवर थाप मारली, दात बघितले आणि मान हलवली. आण्णांनी उपरणं टाकलं, खाली हात धरला आणि आभाळाकडं बघत बोट दाबलं. गयास किंचाळला, "आई गं! माझा हात!" आणि त्यानं मागं उडी मारली. उपरणं खाली पडलं. आण्णांच्या मुठीत एक अख्खा हात होता.

"आगं आयायायाय!" करून आण्णांनी तो हात वर फेकला, मागं सरकले, दाव्यात पाय अडकला आणि गव्हाणीवर आपटले. फेटा एकीकडं, ते एकीकडं. सगळा बाजार गोळा झाला. पण खरी मजा पुढं आहे. आण्णा उठले, धुळीतला हात उचलला, फुंकून साफ केला आणि गयासच्या मागं पळायला लागले. "आरं थांब, पळू नगं! आजून गरम हाय! माझी लेक दवाखान्यातच कामाला हाय, लगीच जोडून देतील!"

मी टेम्पोमागं जमिनीवरच बसले. मला श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. तशीच धावत गेले आणि आण्णांच्या गळ्यात पडले. ते माझ्याकडं बघतच राहिले. मग शिवराज पुढं आला, गयासनं मिशी काढली, मुनीबनं टपावरून सलाम ठोकला, तेव्हा त्यांना उमगलं. "आस्सं व्हय," ते म्हणाले आणि हसले. उजवा हात त्यांनी उपरण्यात गुंडाळून घेतला. मला त्यात काही वाटलं नाही. आम्ही चौघं हसत हसत शहराकडं निघालो.

पंधरा दिवसांत पिक्चर तयार झाला आणि तुफान चालला. हॉलमध्ये माणसं उभी राहून बघत होती. "आजून गरम हाय!" हे तर पोरं रस्त्यानं ओरडत जायची. पहिल्या खेळाला आण्णा नवा फेटा बांधून आले होते, सोबत आई. स्वतःला आपटताना बघून तेही हसले. शिवराजनं त्यांना स्टेजवर बोलावून नारळ दिला, तो त्यांनी डाव्या हातानं घेतला. मी खालून ओरडले, "आण्णा, उजव्या हातानं घ्या की! लोक काय म्हणतील?" त्यांनी नुसती मान डोलावली आणि नारळ छातीशी धरून खाली उतरले.

महिन्याभरानं आईचा फोन आला. माझी आई रत्नमाला फोनवर एरवी शेजाऱ्यांच्या तब्येतीपासून सुरुवात करते. त्या दिवशी एकदम म्हणाली, "तुझा बाप धड बाजाराला जाईना. मधी दोनदा गेला, आन आल्या आल्या उपरणं खुंटीला टांगलं ते टांगलंच. इचारलं तर म्हणतोय, वय झालं. दिसभर नुसता बैलाच्या मोकळ्या गोठ्यात बसून ऱ्हातो."

माझं डोकंच फिरलं. शिवराज घरी आल्या आल्या मी सुरू झाले. "तुमच्या खिदळण्यापायी माझ्या बापाची चाळीस वर्षांची इज्जत गेली! हातात हात देताना लोक फिदीफिदी करत असणार. रुसून बसले ना ते!"

"आयडिया तुझी होती," शिवराज म्हणाला.

"आयडिया माझी, पण अक्कल तुझी पाहिजे होती!"

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या परीनं उपाय काढला. आमच्या येड्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज माहीत आहे, तो म्हणजे पडणं. पाचोडला गेला, गोठ्याच्या पत्र्यावर चढला, "मामा, बघा हं," म्हणाला आणि सासऱ्यासमोर सरळ गुरांच्या हौदात उडी मारली. कपड्यांसकट, बुटांसकट. आण्णा हसले. ठसका लागेस्तोवर हसले. मग त्याला धोतर नेसायला दिलं, चहा पाजला, आणि त्यानं बाजाराचं नाव काढल्यावर म्हणाले, "पाव्हणं, मी रुसलेलो नाय. आता होत नाय, येवढंच."

शिवराज परत येऊन ओट्यावर बसला. "तनुजा, मामा खोटं बोलत नाहीत गं. ते रुसलेले नाहीत. दुसरंच काहीतरी आहे." काय आहे, ते आम्हा दोघांनाही कळेना.

कळलं ते कडूबाईमुळं. ही कोण, तर अंगणात घसरून मनगटावर पडलेली एक म्हातारी पेशंट. नंबर यायची वाट बघत बाकावर बसली होती आणि शेजारणीच्या मोबाईलमध्ये 'आपटबार' बघत होती. मी तिला आत बोलवायला गेले तर नेमका आण्णांचाच प्रसंग चाललेला. सगळा बाक हसत होता. कडूबाई तेवढी हसत नव्हती.

"बाई, ह्या बाबाचं काय मोडलं गं?" तिनं मला विचारलं.

"काही नाही मोडलं आजी, गंमत आहे ती."

"मोडलंय तर. बघ की, कसा धरलाय हात त्यानं." तिनं स्वतःचा दुखरा हात मला दाखवला. छातीजवळ धरलेला, बोटं वर, दुसरं काही त्याला लागू नये अशा बेतानं. "मी सकाळपास्नं आसाच धरलाय."

मी तो मोबाईल जवळजवळ हिसकावून घेतला. आण्णा पडतात. आण्णा उठतात. धुळीतला रबरी हात डाव्या हातानं उचलतात. उजवा छातीजवळ धरलेला, बोटं वर, मधलं बोट वाकडं. तसेच गयासच्या मागं पळतात. मग खिदळत मी येते, गळ्यात पडते, आणि तो हात उपरण्यात जातो.

चाळीस वेळा तरी मी ते बघितलं असेल. बारा वर्षं मोडक्या हाडांवर पोट भरते मी. चाळीस वेळा हसले, आणि बोट एकदाही बघितलं नाही. कडूबाईचा एक्स-रे काढला आणि दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसले. रडू येत होतं, पण माझी मलाच इतकी चीड आली होती की धड रडताही येईना.

संध्याकाळी शिवराजच्या मोटरसायकलवरून आम्ही पाचोड गाठलं. आण्णा गोठ्यात बाजेवर बसले होते. मी राम राम नाही, चहा नाही, थेट म्हणाले, "दाखवा हात."

"काय नाय गं. बैलानं शिंग मारलं हुतं."

"आण्णा!"

माझ्या आवाजानं आई चुलीपासून उठून आली. मग त्यांनी हात पुढं केला. मधलं बोट मधल्या सांध्यात मुडपलेलं आणि तसंच बसलेलं. हळद लावून, चिंधी बांधून त्यांनीच ते बरं केलं होतं, म्हणजे कायमचं वाकडं केलं होतं.

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू लई हसत हुतीस," आण्णा म्हणाले. "ल्हानपणी झोक्यावर हसायचीस तशी. म्हणलं, आता बोट दावलं तर ही रडत बसंल. मग तुमचा पिक्चर आला, समदे खूश. म्हणलं, ऱ्हाऊ दे."

बाजाराचं त्यांनी त्याच्यानंतर सांगितलं, खाली बघत. मधलं बोट मुडपलं की साडे. आणि त्यांचं बोट तर आता कायमच मुडपलेलं. म्हणजे कुठलाही भाव सांगा, वर अर्धा आपोआप. एका शेतकऱ्याला त्यांनी सात सांगितले, त्याला कळले साडेसात. बैल सोडायच्या वेळी भांडण पेटलं. तो चारचौघांत म्हणाला, गोकुळभाऊचा हात खोटं बोलतोय.

"म्हणजे लोक हसतात म्हणून तुम्ही घरी बसला नाहीत?" शिवराजनं विचारलं.

"लोकं हसली तर हसली. मला बी हसू येतं त्या पिक्चरचं. पर हातच खोटं बोलाय लागला, तर मी बाजारात जाऊन करू काय?"

स्वतःचं मोडकं मनगट पोस्टरवर छापणारा माझा नवरा तिथं शेणात मांडी घालून बसला आणि हमसून हमसून रडला. आण्णाच त्याची पाठ थोपटत होते. आई म्हणाली, "बैलाचं शिंग म्हणं! मला बी फशिवलंत!" आणि तिनं जे तोंड सोडलं, ते जेवणं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी आण्णांचा एक्स-रे काढला. एकाच वेळेत चांगला आला, कारण आत कुणीच हसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलंय, ऑपरेशन करू, नाहीतर रोज व्यायाम, त्यानं थोडंफार उघडेल. ऑपरेशनला आण्णांनी साफ नकार दिला. गयास आणि मुनीब दवाखान्यात आले, काचेवरचा तो फोटो बघितला आणि गयासनं टोपी काढून हातात घेतली. "रूल हमनेच तोडा," तो म्हणाला. "गिरना अपना था." मुनीब तर तिथल्या तिथं तो प्रसंग पिक्चरमधून कापायला निघाला. आण्णांनीच थांबवलं. म्हणाले, "नगं कापू. दवाखान्यातली माणसं हसत्यात त्याला. फकस्त फुडच्या टायमाला कुणाला पाडलंत, तर पळत जाऊन बघा, उठला का न्हाय."

व्यायामासाठी डॉक्टरांनी मऊ चेंडू दिला. आण्णांनी तो दोन दिवस दाबला आणि शेजारच्या कुत्र्याला खेळायला देऊन टाकला. "ह्या चेंडूसंगं काय बोलू मी? पाव्हणं, तुमचा हात द्या."

तिथून आमच्या शिवराजचे दर रविवार पाचोडला जायला लागले. बाजेवर दोघं समोरासमोर, मधी उपरणं, दोघांची तोंडं पत्र्याकडं. आण्णा बोट दाबायचे, सोडायचे, ताणायचे, दुखलं की "हुं" करायचे आणि पुन्हा दाबायचे. शिवराज आकडा ओळखायचा आणि चुकायचा. चुकला की सौदा झाला. असं करता करता त्याची मोटरसायकल तीनदा विकली गेली, हेल्मेट, बूट, एकदा तर गयासचं अख्खं दुकान. मी चौकटीत उभी राहून बघायची. मला कुणी बस म्हणत नव्हतं. लेकीबाळींचं काम नव्हतं ना ते.

तीन महिन्यांनी बोट निम्मं उघडलं. निम्मंच. त्यावर आण्णांनी स्वतःच तोड काढली. यापुढं साडे अंगठ्यानं दाबायचं. पण बाजारात ते सांगायचं म्हणजे बोट मोडल्याचं चारचौघांत कबूल करायचं, आणि त्याला काही त्यांची जीभ उचलेना. दर आठवड्याला म्हणायचे, फुडच्या बाजाराला जाऊ. एके दिवशी सकाळीच फोन केला. "आज जातो. तुम्ही या समदे. कॅमेरा नगं."

आम्ही गेलो. कॅमेरा खरंच घरी ठेवला, मुनीबचे हात नुसते शिवशिवत होते. आण्णा इस्त्रीचं धोतर नेसून गव्हाणीशेजारी त्यांच्या नेहमीच्या जागी उभे राहिले, उपरणं खांद्यावर. भोवती हळूहळू माणसं जमली, पण जरा लांबूनच. "गोकुळभाऊ, हात घट्ट बसवलाय नव्हं?" एकजण म्हणाला. दुसरा मागून ओरडला, "आजून गरम हाय का?" सगळे फिसकन हसले. तो सात-साडेसातवाला शेतकरीही तिथंच होता, बैलजोडीचा कासरा धरून. त्याला बैल बदलायचे होते, पण तो पुढं येईना. कुणीच हात पुढं करेना. आण्णांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला.

तेवढ्यात आण्णांनी मान वळवली. "तनुजा, हिकडं ये. आज बोहनी लेकीच्या हातानं."

अहो, मला काय वाटलं ते कसं सांगू? सात वर्षांची असल्यापासून मागत होते मी ते. डोळे भरून आले. ओढणी खोचली, गर्दीतून वाट काढत पुढं गेले, उपरण्याखाली हात घातला आणि रीतीप्रमाणं आभाळाकडं बघितलं. आण्णांचा हात हातात आला. गार लागला. मला वाटलं, बिचाऱ्यांना धाकधूक होत असेल. म्हणून धीर द्यायला मी तो जोरात दाबला.

तो निघून माझ्या हातात आला.

"आगं आयायायाय!" मी अशी किंचाळले की दोन बैलांनी दावी तोडली. हात वर फेकला, मागं सरकले, आणि शेणाच्या पोवट्यावर सपशेल आपटले. वरून तो हात माझ्याच मांडीवर येऊन पडला. गजालाचा हात! नखांसकट! एवढे महिने म्हाताऱ्यानं तो जपून ठेवला होता.

बाजारात हशा फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. गयास टेम्पोच्या चाकाला धरून खाली बसला. मुनीब कपाळ बडवून घेत होता, "अरे यार, कॅमेरा! कॅमेरा!" शिवराज हसता हसता गर्दीतून माझ्याकडं पळत निघाला.

पण आण्णा त्याच्या आधी पोचले होते, आणि ते हसत नव्हते. धोतर वर खोचून ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. अंगठ्यापासून सुरुवात केली. एकेक बोट मुडपायचं, सरळ करायचं, माझ्या तोंडाकडं बघायचं. "हलतंय? दुकतंय का? आन हे?" त्यांचं ते वाकडं बोट सगळ्यांना दिसत होतं. ते त्यांनी लपवलं नाही.

हसणं हळूहळू कमी झालं. सात-साडेसातवाला पुढं येऊन वाकला. "गोकुळभाऊ, बोट मोडलं हुतं व्हय तुमचं? आन मी खोटं म्हणलो तुम्हाला."

"मी सांगायला पायजे हुतं," आण्णा मान वर न करता म्हणाले. "आता साडे अंगठ्यानं दाबत असतो. समद्यांनी ध्यानात ठिवा."

"मग धरा की माझा हात." त्यानं बाही वर सारली.

"थांब रं," आण्णा म्हणाले. "आजून चार बोटं ऱ्हायल्यात."

ती चारही त्यांनी एकेक करून बघितली. करंगळी झाल्यावर माझा हात माझ्या मांडीवर ठेवला, गव्हाणीला धरून उभे राहिले, आणि मग ठसका लागेस्तोवर हसले.